कोगनोळीच्या नाक्यावर अडकलेलं अक्षर

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यातलं एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. तानुबाई तर नाहीच नाही. तिनं आत्तापासूनच पदर तोंडाला लावलाय. पण एका अक्षराचं डोकं महाराष्ट्रात आणि शेपूट कर्नाटकात, असं ते दुपारभर पडून होतं, आणि ते करणारा माणूस म्हणजे आपला यल्लाप्पा. जेवणाची सुट्टी संपायला अजून अवकाश आहे. भाकरी खात खात ऐका, आणि ते तंबाखूचं पोतं जरा लांब सारा, मला ठसका लागतो.

यल्लाप्पा बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न करायचा. लोखंडाचा पंप ओतायचा तर आधी यल्लाप्पानं लाकडाचा पंप करायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्या खड्ड्यात लोखंड ओतायचं. हात असा, की कोंडाबाईला घरी पोळपाट करून दिला तर त्यालाही पंपाची गोलाई आली. कोंडाबाई म्हणजे त्याची बायको. पण बारा वर्षं भट्टीशेजारी काढून माणसाचे डोळे इंगळासारखे झाले होते, आणि छाती अशी वाजायची की शेजारी विचारायचे, दळण टाकलंय काय?

त्यात शहाऐंशी साली आपल्या वखारमालक जोतिबाशेठनं कॉम्प्युटर आणला. ह्याच वखारीच्या माडीवर. शेठचा जर्दा आखाती देशात जायचा, आणि डबीभोवती गुंडाळायच्या पट्टीवर अरबी अक्षरांत शेठचं नाव लागायचं. ते तोवर दस्तगीर मास्तर बोरूनं लिहून द्यायचे. मास्तरांचा हात सोन्याचा, पण तोंड तिखट. शेठ म्हणाला, उद्यापर्यंत पाहिजे, तर मास्तर म्हणायचे, "उद्या पाहिजे तर उद्या जन्मणाऱ्याकडनं लिहून घ्या." शेठला राग आला आणि मुंबईहून यंत्र आलं.

यंत्राबरोबर एक इंजिनिअरही आला होता. त्यानं सांगितलं, यंत्राला अरबी येत नाही. एकेक अक्षर चौकटीच्या कागदावर काढायचं, चौकटी मोजून आत भरायचं, मग ते छापेल. एवढी नेमकी वळणं काढणारा माणूस कोण? कुणीतरी यल्लाप्पाचं नाव घेतलं.

"अरबी येतं का रं?" शेठनं विचारलं.

"न्हाय जी. पर पंपाला तरी कुठं बोलता येतंय? बघून करतो."

"हे बघ. शनिवारी संध्याकाळी नमुना मुंबईला जाणार. पट्टी नीट छापली तर ती खोली तुझी. न्हायतर परत भट्टी."

खोली म्हणजे काय, ते ऐका. यंत्राला गारवा लागतो म्हणून भिंतीत गार हवेची पेटी. धूळ सोसत नाही म्हणून दाराशी चपला काढायच्या, शेठनंसुद्धा. यल्लाप्पाचा बाप ह्याच वखारीत पोती वाहायचा. त्याला माडीचा जिना ठाऊक नव्हता; चपला हातात घेऊन अंगणातूनच 'जी' म्हणायचं. आणि आता त्याचा पोरगा गारव्यात बसलेला आणि बाहेर शेठ एका पायावर उभा राहून चपलेचा अंगठा सोडवतोय! यल्लाप्पाला पगाराचं काही नव्हतं हो. ते दार त्याला हवं होतं. कोंडाबाईनं तर वाडीभर सांगून टाकलं होतं, "आमच्या ह्यांना आता स्वेटर लागतोय."

अक्षरं शिकवायला दस्तगीर मास्तरांनाच बोलवावं लागलं. यंत्रानं आपली भाकरी काढून घेतली, तरी वाकडं अक्षर बघवेना म्हणून ते आले. आले ते शिव्या देतच.

"हे बघ यल्लाप्पा," मास्तर म्हणाले, "तुमच्या लिपीत ओळ भरत नसली की दोन शब्दांत फट सोडता. दात पडलेल्या माणसागत दिसतं ते. आमच्यात फट न्हाय सोडायची. अक्षराचाच हात लांब करायचा, पुढच्याला धरायला. त्याला कशिदा म्हणायचं."

"किती लांब करायचा, मास्तर?"

"ओळ भरेपर्यंत."

"आणि कुणाचा?"

"ते मनगट सांगतं. ज्याचा त्याचा न्हाय लांबत. उगं दिसेल त्याचा हात ओढलास तर अक्षर लंगडं होतंय."

यल्लाप्पानं शेठचं नाव कागदावर घेतलं. मास्तरांनी जागा दाखवली: 'जोति' झालं की तिथून रेघ लांबवायची, आणि ओळीच्या टोकाला 'बा' आणून बसवायचा. इंजिनिअरनं यंत्राला तसा हुकूम दिला: रेघ ओढत जा, पट्टीच्या लांबीशी नेमकी जुळली की थांब आणि 'बा' काढ. हुकूम देऊन तो मुंबईला निघून गेला. असली माणसं नेहमी वेळेवर निघून जातात.

यल्लाप्पानं अठरा दिवस अक्षरं काढली. आता त्यानं काय केलं, ते फक्त फौंड्रीतला माणूसच करू जाणे. ओतलेलं लोखंड निवताना आखडतं, म्हणून पॅटर्न नेहमी केसभर मोठा करायचा असतो. त्यासाठी पॅटर्नवाल्याकडे वेगळी फूटपट्टी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. यल्लाप्पानं बारा वर्षं दुसरी फूटपट्टी हातात धरलीच नव्हती. त्यानं सगळी अक्षरं, आणि लांबवायच्या रेघेचा तुकडासुद्धा, त्याच पट्टीनं मोजून काढला. डबीची पट्टी मात्र शेठच्या साध्या फूटपट्टीनं मोजलेली.

शनिवार उजाडला. दुपारी शेठ, मुनीम, मास्तर, सगळे अनवाणी खोलीत. यल्लाप्पानं बटण दाबलं. छपाईचं यंत्र किरकिरलं आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद बाहेर यायला लागला, त्यावर आडवं लिहिलेलं शेठचं नाव. 'जो' आलं. 'ति' आलं. शेठ हात जोडून उभा. मग रेघ आली. रेघ आली. रेघ येतच राहिली.

कारण दोन फूटपट्ट्या जुळतायत कुठं? रेघ एका तुकड्याला केसभर अलीकडं, पुढच्या तुकड्याला केसभर पलीकडं. नेमकी कधीच नाही. आणि हुकूम होता नेमकी जुळली की थांब. यंत्र बिचारं सरकारी माणसासारखं, वरून आलेला हुकूम शब्दशः पाळणारं.

यल्लाप्पाच्या डोळ्यांपुढं भट्टी लाल झाली. तो वायरकडे धावला, तर शेठ आडवा झाला.

"हात लावू नगंस! माझं नाव निम्म्यात तोडतोस व्हय रं? अपशकुनी!"

"शेठ, कागद संपंल."

"खोकी पडल्यात की ढीगभर. जोडत रहा. 'बा' आल्याबिगर बंद करायचं न्हाय."

यल्लाप्पा कागदाला कागद जोडत राहिला. खोली भरली. कागद खिडकीतून खाली सुटला. खाली कोल्हापूरला निघालेली एसटी उभी होती, टपावर सामानाच्या मोटा दोरीनं बांधल्या होत्या. त्या दोरीत कागदाचं टोक अडकलं आणि कंडक्टरनं घंटी दिली.

काय सोनुबाई, हसतेस? हस. पण गाडी निघाली आणि मागून शेठचं नाव निघालं. हमरस्त्यावरून, उसाच्या कडेनं, थेट सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत. नाक्यावर गाडी अडली. नाक्यावरचा कारकून म्हणाला, मालाची पावती दाखवा. ड्रायव्हर म्हणाला, कुठला माल? कारकुनानं मागं बघितलं, तर रस्ताभर काळी रेघ.

"लांबी किती?"

"अजून छापायलेत, साहेब."

तेवढ्यात बातमी फुटली, सीमेवरून कसलीतरी अक्षरं चाललीत. झालं! इकडून एक झेंडा आला, तिकडून एक झेंडा आला. तिकडचे कानडीत ओरडले, "नम्मदु!" इकडचे मराठीत ओरडले, "आमचं!" वाचता कुणालाच येत नव्हतं, पण हक्क दोघांचा. शेपूट ज्याच्या हद्दीत त्याचं, की डोकं ज्याच्या हद्दीत त्याचं, यावर दोघांनी मिळून एसटीच्या दोन काचा फोडल्या. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी दोघांनी एकमतानं केली.

शेवटी वाचायला म्हणून मास्तरांना वखारीतून सायकलवर डबलसीट नेलं. मास्तरांनी चष्मा लावून रेघ निरखली.

"मास्तर, काय लिहिलंय? कुणाचं हाय हे?"

"अजून लिहून व्हायचंय," मास्तर म्हणाले. "आत्ताशी जोती झालाय. बा आल्यावर या."

दोन्ही झेंडे गुंडाळून गेले. मास्तर परत आले ते थेट यल्लाप्पासमोर; तोवर कागदाची खोकी संपून यंत्र थांबलं होतं. त्यांनी रेघेच्या तुकड्याला शेठची फूटपट्टी लावली, मग यल्लाप्पाची लावली, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या.

"ही कसली रं पट्टी?"

"भट्टीची, मास्तर. निवताना आखडतंय म्हणून..."

"अरे लेका," मास्तर म्हणाले, "लोखंड आखडतं. शाई कुठं आखडती?"

यल्लाप्पा तिथंच कागदाच्या ढिगावर बसला. गार खोलीत त्याला घाम फुटला. चूक त्याचीच होती, आणि मुंबईची गाडी सुटायला दोन तास राहिले होते. पण यंत्रावरची अढी बाजूला ठेवून मास्तर त्याच्या शेजारी बसले, आणि दोघांनी चौकटी पुन्हा मोजल्या. इंजिनिअरनं मागं ठेवलेल्या वहीत बघून हुकूमही बदलला: जुळो न जुळो, टोक ओलांडलंस की थांब. बटण दाबलं. जो, ति, मग एक अशी रेघ की नदीनं वळण घ्यावं, आणि शेवटी 'बा', जागच्या जागी. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्राला शिवी द्यायची होती, ती घशातच राहिली.

आणि मग जोतिबाशेठ उठला. भरल्या खोलीत यल्लाप्पाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "यल्लाप्पाराव, मघाशी तुम्ही वायर काढत होता, मी अडवलं. एवढा कागद गेला तो माझ्या हट्टापायी. चूक माझी झाली. ही खोली आजपासून..."

"खोटं!"

तानुबाईनं भाकरी फडक्यात ठेवली.

"आप्पा, कागद कोगनोळीला गेला, गप बसले. झेंडे गुंडाळले, ते बी गिळलं. पर पंधरा वर्सं ह्याच वखारीत तंबाकू चाळतीया मी. शेठ चूक माझी म्हणतोय? आणि कुणाला, तर यल्लाप्पाला? राव लावून? काल सकाळच्या बेळगाव गाडीत डबा घेऊन बसलावता यल्लाप्पा, उद्यमबागेला भट्टीवर चाललाय म्हणला. खोटं, आप्पा! साफ खोटं!"