शेपटीमागे उभं राहणारा माणूस

सर्व्हो निवडायला इतके महिने लागत नाहीत. हे मला ठाऊक होतं. रंगनाथकाकांनाही ठाऊक होतं, पण ते मला बरंच नंतर कळलं.

सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षा जराशी जाड काळी डबी. आत मोटर आणि दात्यांची चाकं, बाहेर एक इवलासा हात. जमिनीवर उभं राहून मी रिमोटची काडी हलवली की तिकडे आकाशात तो हात वळतो, त्याला जोडलेली तार पंखाच्या मागची पट्टी वर नाहीतर खाली करते आणि विमान कूस बदलतं. कोलांट्या मारणाऱ्या विमानाचा सगळा जीव या डब्यांत. इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत खाली आणता येतं. सर्व्हो मेला तर मात्र पोतं घेऊन वेचायला जायचं.

आमचं मागचं विमान असंच पोत्यातून घरी आलं. शेपटीच्या सर्व्होचे प्लास्टिकचे दाते उडाले आणि विमान सरळ सहादूच्या टोमॅटोत घुसलं. गिरणारे गावाच्या पुढे सहादूची जमीन आहे; तिच्यातल्या पडीक तुकड्यावर तो आम्हाला रविवारी सकाळी उडवू देतो. बांधावरून ओरडला, "ताई, टमाट्याचा भाव पडला त्ये कमी हाय का? आता इमान बी पाडा वरून!"

आम्ही म्हणजे मी आणि काका. पूर्वी आणखी मंडळी यायची. ती एकेक करून ड्रोनकडे गेली. आता लग्नात नवरदेवाची वरात वरून दाखवतात. राहिलो आम्ही दोघंच.

माझं सातपूरला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. काका कधीकाळी स्कूटरची सीट घेऊन आले होते. रेक्झिन मी कसं ताणते ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढं ताणून बसवता, तर विमानाचा पंख मढवाल का?" मला वाटलं, म्हातारा चळलाय. दुसऱ्या दिवशी ते खरंच पंख घेऊन आले. लाकडाचा सांगाडा, त्यावर रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटवायची. एकही सुरकुती पडू दिली नाही मी. पुढे बांधायला शिकले, मग उडवायला. शिकवायला वर्ग नव्हता. व्हिडिओ होते, काका होते आणि सहादूचे टोमॅटो होते. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. नवरा होता, त्याचं आता दुसरीकडे बरं चाललंय.

मग काकांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधलंच दिसेनासं झालं. कडेचं दिसतं, मधोमध बघावं तिथे धुरकट ठिपका. "सुनेचा चेहरा दिसत नाही, पण कानातलं दिसतं," म्हणायचे. आणि आकाशातलं विमान तर मधोमधच बघावं लागतं. त्यांनी मैदानावर येणं सोडलं. "काय बघू येऊन?" विषय संपला.

पण डोळे जायच्या आधी त्यांनी एक विमान कागदावर आखून ठेवलं होतं. त्यांचं शेवटचं. ते मी बांधलं. वरून पिवळं, खालून काळे पट्टे, म्हणजे उलटं झालं की लगेच ओळखू यावं. फक्त सर्व्हो बसवायचे राहिले. आणि सर्व्होचं विचारायला मी दर गुरुवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, गंगापूर रोडला त्यांच्याकडे जाऊ लागले.

जाताना मागवलेला एखादा नमुना न्यायचा. काका तो कानाला लावायचे, मी छोट्या बॅटरीवर चालवायची. मग काका त्याचा हात चिमटीत धरून हलकेच हलवायचे.

"खेळ आहे याच्यात. हात सैल आहे."

"केसभर आहे, काका."

"केसभर इथे, तर पट्टीच्या टोकाला बोटभर. फडफडेल. परत पाठवा."

पुढच्या गुरुवारी दुसरा.

"ताकद आहे," काका म्हणाले. "पण झोपाळू आहे. शेपटीला चालेल, पंखाला नाही. पंखाला चपळ लागतो."

"मग शेपटीला हा घेऊ?"

"जड आहे ना. शेपूट खाली जाईल."

"म्हणजे नकोच?"

"नको कुठे म्हटलं? विचार करू."

वेदिका, त्यांची सून, चहा ठेवून जायची. काका कप चाचपून उचलायचे आणि पुढचा मुद्दा काढायचे. दाते धातूचेच हवेत. डबी तापता कामा नये. एकदा म्हणाले, "शालनबाई, वळतात सगळेच. वळून पुन्हा नेमका मध्यावर येतो का, ते बघायचं."

"आमच्या ह्यांच्यात नेमका तेवढाच दोष होता," मी म्हटलं.

काका इतके हसले की चहा बशीत सांडला. त्या हसण्यावर माझा पुढचा गुरुवार येईपर्यंतचा आठवडा निघाला.

खरं सांगायचं तर कोणता घ्यायचा ते मला पहिल्याच नमुन्याला कळलं होतं. ज्याच्यात खेळ काढला तोच. पण घेऊन टाकला असता तर गुरुवारी काय विचारायला जाणार होते मी? नुसतं बसायला जायची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. आमच्या मध्ये कायम काहीतरी ठेवलेलं असायचं: पंख, इंजिन, डिंकाची बाटली.

एका गुरुवारी वेदिकाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्या हातात कणीक होती.

"मावशी, आता घेऊन टाका ना ते एकदाचं."

"काय?"

"सर्व्हो. पहिला आणलात तेव्हा तुम्ही गेल्यावर बाबा मला म्हणाले होते, हाच बसवेल बघ ती. नमुना एक नंबर आहे म्हणाले."

मी टपकणारा नळ घट्ट केला.

"मग खेळ आहे म्हणाले ते?"

"ते तुम्हीच ओळखा." तिने कणकेवर तेलाचा हात फिरवला. "रोहितची बेंगळुरूला बदली झालीय. दिवाळीनंतर आम्ही सगळेच जाणार. बाबांनी तुम्हाला सांगितलं नसेल."

नव्हतं सांगितलं. बाहेर आले तर काका सर्व्हो हातात घेऊन बसले होते, त्याच्या कडेवरून बोट फिरवत.

"याची वायर जरा आखूड वाटते," म्हणाले.

"काका, मी पहिलाच घेते. तोच चांगला होता."

त्यांचं बोट थांबलं. "हो. चांगला होता."

"पण हे विमान मी एकटी उडवणार नाही. तुम्ही यायचं."

"मी काय बघू येऊन?"

"बघू नका. शेपटीमागे उभे राहा."

हे आमचं जुनं ठरलेलं काम. इंजिन चालू करण्याआधी एकाने विमानाच्या शेपटीमागे उभं राहायचं. दुसऱ्याने काडी हलवायची, मागच्याने काय हललं ते मोठ्याने म्हणायचं. मागेच का, तर तिथून विमानाचं उजवं तेच आपलं उजवं. काका येईनासे झाल्यावर मी जुन्या छोट्या विमानासाठी सहादूला उभं करून पाहिलं होतं.

"सहादूभाऊ, हललं का?"

"हललं ना."

"वर का खाली?"

"दोन्हीकडं हललं, ताई. लय भारी!"

चूक काहीच नव्हती त्याची. एका पंखाची पट्टी वर गेली की दुसऱ्याची खाली जातेच. पण कुठली कुठे, हेच तर विचारायचं होतं.

सर्व्हो आले. मी बसवले, तारा जोडल्या. माझ्या घरात विमान मावतं ते जेवणाच्या टेबलावर, आणि तेही शेपूट फ्रीजकडे केली तरच. मी समोरून, नाकाकडून, काडी उजवीकडे दिली. उजवीकडची पट्टी टुणकन वर आली. गुळगुळीत, कसली खरखर नाही. मी स्वतःवरच खूश झाले आणि पोळी-भाजी खाल्ली, विमानाच्या पंखाखाली ताट सरकवून.

रविवारी त्यांच्या मुलाने, रोहितने, काकांना गाडीतून आणून सोडलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहादू बांधावरून धावत आला. "म्हातारबाबा! मला वाटलं, गेले का काय!"

"जाणार आहे," काका म्हणाले. "बेंगळुरूला."

"तिथं टमाटं हाय का इमान पाडायला?"

मी विमान ठेवलं. काका माझा हात धरून शेपटीमागे आले, गुडघ्यावर बसले आणि चाचपत चाचपत उजव्या पंखाच्या पट्टीवर त्यांनी तळवा टेकवला.

"द्या उजवं."

मी काडी उजवीकडे दिली.

"खाली," काका म्हणाले.

"काका, उजवं दिलंय. वर यायला हवी."

"मीही उजव्यावरच हात ठेवलाय. हाताखालून निसटून खाली गेली. पुन्हा द्या."

पुन्हा दिलं.

"खाली."

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि काडी पुन्हा उजवीकडे दिली. उजवी पट्टी खाली गेली. नवे सर्व्हो जुन्यांच्या उलट बाजूला वळणारे होते. काही कंपन्यांचे असतात तसे. रिमोटमध्ये दिशा फिरवून द्यावी लागते. आणि मी घरी समोरून बघितलं होतं. समोरून बघताना विमानाचं डावं माझ्या उजवीकडे येतं, हे शाळकरी पोरालाही कळेल. तसंच उडवलं असतं तर उजवीकडे सावरायला जाऊन डावीकडे पाडलं असतं, आणखी सावरलं असतं तर आणखी पाडलं असतं. काकांचं शेवटचं विमान पोत्यातून घरी आलं असतं.

"घरी कोण होतं मागे?" काकांनी विचारलं.

"फ्रीज."

मी रिमोटमध्ये दिशा बदलली.

"उजवं."

"वर."

"डावं."

"खाली. ठीक. आता शेपूट."

सगळं पुन्हा तपासलं. सहादूने शेपूट धरली, इंजिन सुरू झालं, त्याने सोडली आणि पिवळं विमान चार उड्या मारून उचललं गेलं.

काका माझ्याशेजारी उभे होते, मान खाली घालून, कान आकाशाकडे करून. मी आकाशात पहिला उभा गोल मारला.

"गोल मोठा झाला," ते म्हणाले. "खालून चपटा."

"चपटा नव्हता."

"होता. इंजिन वेळेवर हलकं केलं नाहीत तुम्ही."

होता चपटा. मी दुसरा मारला.

"आता बरा."

मग मी विमान उलटं करून आमच्या समोरून नेलं. आवाज बदलला, घशातून आल्यासारखा झाला. काकांनी मान वर केली, उगाचच, सवयीने.

"पट्टे दिसतात?"

"दिसतात. काळे कुळकुळीत."

"सुरकुती?"

"एक नाही."

"नसणारच," काका म्हणाले. मग पेट्रोल संपत आलं आणि मला उतरवावं लागलं. उतरवल्यावर आम्ही बराच वेळ इंजिन पुसत बसलो. पुसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

दिवाळीनंतर ते बेंगळुरूला गेले. गुरुवारी आता मी दुकान उघडं ठेवते. गिऱ्हाईक येत नाही, कारण गुरुवारी मी बंद असते हे सगळ्या सातपूरला पाठ आहे. रेक्झिनचे तुकडे रंगवार लावते, विस्कटते, पुन्हा लावते.

रविवारी मात्र मैदानावर जाते. विमान ठेवते, शेपटीमागे गुडघ्यावर बसते. रिमोट गळ्यात अडकवून काडी डाव्या हाताने धरते, उजवा तळवा पट्टीवर ठेवते. जरा वाकडंतिकडं होतं, पण हात पोचतो. फोन स्पीकरवर करून पंखावर ठेवलेला असतो.

"द्या उजवं," बेंगळुरूहून काका म्हणतात.

मी देते. सर्व्हो कुईं करतो. आवाजावरून दिशा कळत नाही. वर गेली काय, खाली गेली काय, कुईं सारखंच. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

"वर," माझ्या तळव्याला लागतं ते मी सांगते.

"वर," ते म्हणतात. "ठीक. आता डावं."

सगळं झालं की सहादूला शेपूट धरायला हाक मारते, आणि फोन बंद न करता तसाच खिशात टाकते.