खोडलेली रात्र

काकांनी उसवलेल्या शब्दकोशाच्या कण्यावर खळ लावली, वरून जाळीच्या कापडाची पट्टी बसवली आणि ती अंगठ्याने दाबत खालपर्यंत नेली. पट्टी सरळ बसली होती. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा बसवली.

"काका, तिसरी खेप," वाचनालयाच्या बाई देवघेवीच्या टेबलावरून म्हणाल्या. "त्या शब्दकोशाला चक्कर येईल आता."

"जरा वाकडी वाटली."

"तुम्हाला फूटपट्टीसुद्धा वाकडी वाटते."

दारात तिशीची एक मुलगी येऊन उभी राहिली होती. पिशवी खांद्यावरून न उतरवताच ती म्हणाली, "वेधशाळेत निरीक्षक होते, ते इथेच बसतात ना? घरी त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, दुपारी पुस्तकांच्या दवाखान्यात भेटतील."

काका उठले. हातांना खळ असल्यामुळे नमस्कार अर्धाच झाला.

"मी आता तिथेच संशोधन करते, सर."

"सर नका म्हणू. सर वरच्या मजल्यावर बसायचे. आम्ही घुमटात."

ती हसली, समोरच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून एक छापील प्रत काढून तिने टेबलावर ठेवली. वेधशाळेच्या जुन्या नोंदवहीचे पान होते. आकड्यांचे तीन बारीक स्तंभ, सगळ्या पानावर एक मोठी फुली, आणि खाली एक ओळ : 'काच पुसली नसावी. चूक माझी.'

काकांनी स्वतःचे अक्षर ओळखले आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"डावीकडचा स्तंभ कोणत्या ताऱ्याचा, आठवतं?"

"तो माझा साक्षीदार," काका चष्म्याकडे पाहत म्हणाले.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका लहरी ताऱ्याचे काम होते. तो कधी उजळे, कधी मंदावे. किती, ते सांगायचे तर शेजारचा एखादा स्थिर तारा तुलनेला धरावा लागतो; त्याला घुमटात साक्षीदार म्हणत. सगळे एक साक्षीदार धरत, काका दोन धरत. एक पुरतो हो, असे कोणी म्हटले की ते म्हणत, "पुरतो, तरीपण..." मग वेधशाळेत त्यांचे नावच 'तरीपण' पडले होते.

"तुमचा साक्षीदार तितका स्थिर नाही," मुलगी म्हणाली. "त्याला बहुतेक ग्रह आहे."

काकांनी चष्मा घातला.

ती भराभर सांगू लागली. दुर्बीण बसवलेल्या एका उपग्रहाने तो तारा दोनदा मंदावताना पाहिला होता, शंभरातला एक भाग. ताऱ्यासमोरून काहीतरी जात होते. उजेड किती कमी झाला त्यावरून आकार निघाला : आपल्या गुरूएवढा. पण त्याचे वर्ष केवढे, ते निघत नव्हते. उजेडाच्या ह्या दोन घटींमध्ये सातशे पस्तीस दिवस. तेवढ्यात त्याची एक फेरी झाली, की दोन, की तीन? मधल्या काळात उपग्रह दुसरीकडे बघत होता.

"पुढची घट कधी ते सांगता आलं तर मोठी दुर्बीण मला एक रात्र मिळेल. एकच. ती रात्र चुकीची निघाली, तर पुन्हा मला कोण देतंय?" तिने प्रतीवर बोट ठेवले. "ही तुमची रात्र. पहिल्या घटीच्या सहा हजार आठशे साठ दिवस आधीची. तीन फेऱ्या धरल्या तर त्याचं वर्ष दोनशे पंचेचाळीस दिवसांचं होतं."

काकांचे ओठ हलले. मग त्यांनी रद्दीच्या कागदावर भागाकार मांडला. अठ्ठावीस. बाकी काही उरली नाही. एक किंवा दोन फेऱ्या धरून येणाऱ्या वर्षांनीही त्यांनी भागून पाहिले, तिथे उरली.

"पण हे मीच खोडलंय," ते म्हणाले.

"दुर्बिणीची वेळ देणारी समिती तेच म्हणते. निरीक्षकाने स्वतः खोडलेली नोंद आम्ही कशी धरायची? दुर्बिणीची काच पुसली होती, एवढं सहीनिशी द्या. पाचला अर्ज बंद होतो."

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होती.

"दव असेल त्या रात्री."

"दव तिघांवरही पडलं असतं, काका. तिघांचा उजेड एकाच काचेतून येतो. लहरी तारा आणि दुसरा साक्षीदार, दोघांचं आपसात जुळतंय. पहिला तेवढा पहाटेपर्यंत खाली. तो दुसरा नसता तर कोण मंदावलं, कोण उजळलं, कळलंच नसतं. मग मी कशाला दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली असती?"

काकांनी मान हलवली. पण पेन घेतले नाही.

"मी काच पुसली होती का, हे मला खरंच आठवत नाही."

"रोज पुसायचात?"

"रोज. दोनदा."

"मग लिहा ना!"

"रोज पुसायचो, म्हणून त्या रात्री पुसली असं होत नाही."

मुलीने घड्याळाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी येईल की राग, ते ठरत नव्हते.

"काका, एवढा विचार लोक लग्न ठरवताना करत नाहीत," बाई तिकडून म्हणाल्या.

"म्हणून तर पुढं करत बसतात," काका नकळत बोलून गेले, आणि ओशाळले. मग मुलीला म्हणाले, "ह्या पानाचा रंगीत फोटो आहे?"

तिने मोबाइल पुढे केला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला. आकडे करडे होते. फुली आणि खालची ओळ निळी.

"घुमटात आम्ही पेन्सिलीनंच लिहायचो," ते हळू आवाजात म्हणाले. "थंडीत पेन चालायचं नाही. ही ओळ शाईची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तिथं लिहिलेली नाही."

बाईंचा शिक्का मारण्याचा आवाज थांबला.

"सकाळी मी ही वही वर घेऊन गेलो होतो. म्हटलं, साक्षीदार मंदावलाय. साहेब चारचौघांत म्हणाले, तारा नाही मंदावला, तुम्ही पेंगलात. सगळे हसले. मीपण हसलो." काकांनी शब्दकोशावरची पट्टी उगाच चाचपली. "मग खाली येऊन हे लिहिलं. काचेचं तेव्हा सुचलं. चूक कबूल केली की माणसं लवकर गप्प बसतात."

मुलीने प्रत स्वतःकडे ओढली आणि खालची ओळ पुन्हा वाचली.

"नंतर बघत राहिलो मी त्याच्याकडं. उत्तरेचा तारा, मावळत नाही. नेमलेलं काम झालं की त्याचं एक माप घ्यायचो. वहीत नाही, नुसतंच. दोनशे दिवस. काही झालं नाही. मग म्हटलं, पेंगलोच असेन, आणि सोडलं."

त्यांनी रद्दीच्या कागदावरच्या आकड्याकडे पाहिले. दोनशे पंचेचाळीस. मुलीनेही त्याच वेळी पाहिले होते आणि झटकन नजर दुसरीकडे वळवली. काका हसले, आधी घशातल्या घशात, मग खांदे हलेपर्यंत.

"दीड महिना," ते म्हणाले. "दीड महिना आणखी दम धरला असता, तर!"

"त्या रात्री ढग असते," मुलगी म्हणाली.

"असते का?"

"असतेच. माझ्या वेळी तर नेहमी असतात."

काकांनी खळीचे हात ओल्या फडक्याला पुसले, बोटे एकेक करून. कोरा कागद घेतला. लिहिताना ते एकदाही थांबले नाहीत, आणि म्हणून बाई टेबलामागून उठून बघायला आल्या.

'काच पुसली होती की नाही, हे मला आठवत नाही. पानावरची फुली आणि शाईची ओळ मी दुसऱ्या दिवशी, वेध न घेता, भीतीपोटी घातली. ती निरीक्षणाचा भाग नाही. पेन्सिलीचे सर्व आकडे त्या रात्री ताऱ्याकडे पाहून लिहिलेले आहेत. मी जागा होतो.'

खाली त्यांनी पूर्ण सही केली. मुलीने वाचले, पुन्हा वाचले, फोटो काढून तिथूनच पाठवला. चार वाजून बावीस मिनिटे झाली होती.

"चालेल का हे?" काकांनी विचारले.

"माहीत नाही. पण मी समितीत असते तर मला चाललं असतं." तिने पिशवी उचलली. "घट एकोणचाळीस दिवसांनी आहे. काही झालं तरी कळवीन. तुमचा नंबर?"

काकांनी सूनबाईचा नंबर दिला. ती वाकून नमस्कार करायला निघाली, तर ते दोन पावले मागे सरकले आणि कपाटाला धडकले. मग दोघेही हसले आणि ती गेली.

बाईंनी दाराकडे बघत विचारले,

"आणि त्या दिवशी काहीच दिसलं नाही, तर?"

"तर तिला वर्षाचं गणित पुन्हा मांडावं लागेल." काकांनी शब्दकोश उचलून दाबयंत्रात ठेवला आणि चाक आवळले. "आकडे माझे तेच राहतील."

"तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो हो?"

"छे. मंदावला तरी नाही, न मंदावला तरी नाही." ते कॅलेंडरापाशी गेले, बोटाने दिवस मोजत पुढचे पान उलटून एका चौकोनावर थांबले. "बाई, ह्याच्या दुसऱ्या दिवशी मी यायचा नाही. झोप झालेली नसणार."