गीताच्या दाव्याची दवंडी

मित्रांनो, खिळ्याला टांगलेली ही जुनी हलगी म्हणजे मीच. लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एवढाच माझा पसारा. आवाज मात्र असा, की आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात मी वाजले की जेवणारा माणूसही हात न धुता दारात येई. बाजाराचा बदललेला वार असो की हरवलेली म्हैस, आधी मी सांगणार, मग गाव बोलणार. भगवानराव मला वाजवत. कौतुक सगळं माझं व्हायचं आणि त्यांच्या वाट्याला यायचे हुकूम आणि शिळी भाकरी.

बौद्ध झाल्यावर त्यांनी गावकीची सगळी कामं सोडली आणि मला भिंतीवर टांगलं. त्यांचं बरोबरच होतं, पण मला काही करमेना. त्यांची बायको सोजराबाई मला खाली काढून माझ्यात लसूण वाळत घालत. काय ही माझी दशा! तरी घरात ताठ मानेनं वावरणारी माणसं बघून मला बरं वाटे.

त्यांची मुलगी गीता आठ वर्षांची असताना सोजराबाई अंथरुणाला खिळल्या. भगवानराव शहाबादकडे फरशीच्या खाणीवर गेले आणि गीता गावातल्या बड्या तात्यारावांच्या घरी पोरं सांभाळायला जाऊ लागली. एकदा दूध उतू गेलं म्हणून तात्यारावांनी तिचा डावा तळवा तापल्या तव्यावर दाबून धरला. गावात मात्र झालं भलतंच. पोर आपणच चुलीवर पडली, असं तात्याराव म्हणाले आणि सगळ्यांनी मान डोलावली. तात्यारावांच्या शेजारच्या सुभद्राबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याही तेच म्हणाल्या. गीता खरं सांगून सांगून थकली. हाताची जखम भरली, बोटं आखडलेलीच राहिली. पण कुणी 'पडली होतीस ना गं?' असं विचारलं की तिचं तोंड उतरून जाई. गावानं एकदा तरी खरं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

अठरा वर्षांची झाल्यावर ती आळंदला माणिकप्पा वकिलांकडे गेली. आता फार उशीर झाला असणार, अशी तिला धास्ती होती. तिनं घरी येऊन सांगितलेले वकिलांचे शब्द मला आजही आठवतात. "कायदा लेकराला मोठं व्हईपर्यंत थांबतो, अक्का. मोठं झाल्यावर वरीसभरात दावा लावायला पाहिजे. तू येळेवर आलीस."

गाव हसलं. गीता मात्र प्रत्येक तारखेला आळंदच्या मोटारीत बसली. दावा लागला तेव्हा आमचं राज्य म्हैसूर होतं आणि निकाल आला तेव्हा त्याचं नाव कर्नाटक झालं होतं! तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्ष दिली, पडलेल्या पोरीचा हात असा भाजत नाही. तात्यारावांनी भरपाई द्यावी, असा निकाल झाला. ते दाद देईनात, तेव्हा कोर्टानं त्यांच्या घरावर जप्ती काढली.

जप्ती हलगी वाजवून जाहीर करावी लागते. कोर्टाचा बेलीफ विरुपाक्ष गावभर फिरला, पण तात्यारावांच्या दारात वाजवायला कुणाची छाती होईना. शेवटी तो आमच्याकडे आला. भगवानरावांनी साफ नकार दिला.

"गळ्यात हलगी घालून म्या पुन्हा त्या चौकात उभा ऱ्हाणार न्हाई."

"ही गावकी न्हाई, अप्पा," गीता म्हणाली. "हे माझं काम हाय. मीच वाजवते."

भगवानरावांनी उठून माझ्यातला लसूण सुपात ओतला, तुराट्यांचा जाळ केला आणि मला नीट शेकलं. मी पुन्हा ताणले गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं मला लेकीच्या गळ्यात घातलं.

तिला वाजवता येत नव्हतं हो! आखडलेल्या बोटांतली काडी सारखी निसटे. इतकी बेताल मी जन्मात वाजले नव्हते, आणि इतकी आनंदातही नाही. तात्यारावांच्या दारासमोरच्या चौकात सगळं गाव जमलं. विरुपाक्षनं आधी कानडीत आणि मग मराठीत जप्तीचं कारण सांगितलं, या घरात लहान मुलीचा हात तव्यावर दाबून भाजला आणि त्याची भरपाई भरली नाही म्हणून. तात्याराव दार लावून आत बसले होते. तेवढ्यात गर्दीतून म्हाताऱ्या सुभद्राबाई पुढं आल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पोर पडली न्हवती. म्या बघितलंय."

गीताचे हात थांबले. चौकातच ती लहान पोरीसारखी रडली आणि मग हसली. मला भारी समाधान वाटलं.

पुढं तात्यारावांनी भरपाई मुकाट्यानं भरली. मी आता गीताबाईंच्या घरी असते. त्या मला अधूनमधून तेल लावतात, लसूण मात्र वाळत घालत नाहीत.

मित्रांनो, तुम्हांला कुणी इजा केली तर सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्या माणसांनो, एखादं लेकरू हळू आवाजात काही सांगू लागलं तर हातातलं काम ठेवून ऐका. त्याच्या गळ्यात हलगी यायची वाट पाहू नका.