सुई हवेत थांबली

सुई हळूहळू खाली आली आणि पितळी पत्र्यापासून चार बोटांवर हवेतच थांबली. पत्र्यावर डुफिएचा हात होता. यंत्राच्या पेटीवर लाल दिवा लागला आणि सारं अंगण मागे सरकलं.

"पाप्याच्या हाताजवळ देवाची सुई कशी जाईल?" स्वतःला प्रॉफेट, म्हणजे देवाचा प्रेषित म्हणवणारा बोआमा म्हणाला. "बाई, हाताला मुंग्या आल्या ना?"

डुफिए खरं बोलणारी. "आल्या," ती म्हणाली.

नवऱ्याला तिनंच चेटूक करून खाल्लं, असा दिरांचा आरोप होता. सुईनं तिच्याविरुद्ध कौल दिला, तर दोन्ही मुलं सोडून तिनं कुमासी शहरातून निघून जायचं, हे आधीच ठरलं होतं.

माझ्या शेजारी कोनाडू उभी होती. मागे याच पत्र्यावर तिच्या आईनं, म्हाताऱ्या तच्चीवानं हात ठेवला होता. सुई थांबली, मुंग्या आल्या, आणि बिचारीनं स्वतःच कबूल केलं की आपण चेटकीण असू. कोनाडूनं तिला बाहेर ठेवून घराला आतून कडी घातली. म्हातारी पुढे ट्रकतळामागे मेलेली सापडली.

यंत्र मुळात न्यार्कोआचं. ती कबरीवरच्या पाट्यांवर नावं कोरते. पत्रा कधीच पुरता सपाट नसतो, म्हणून कोरण्याआधी सुई त्यावर जागोजागी टेकते आणि उंचसखलपणा चाचपते. टेकली की तारेतून इशारा जातो, ती थांबते. पाट्या करायच्यात म्हणून बोआमानं ते मागून नेलं होतं. न्यार्कोआ ते परत न्यायला आली, आणि हे नाटक तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"नाना, हिच्या पायांकडे बघा," अंगणातला वडीलधारा म्हणून ती मला म्हणाली.

विधवा म्हणून डुफिए अनवाणी होती. शुद्धीसाठी म्हणून बोआमानं तिचे पाय मिठाच्या पाण्यानं धुतले होते. खालची फरशी ओली होती.

न्यार्कोआनं ते पाय पुसले आणि स्वतःच्या रबरी चपला पुढे केल्या. सुतकात चप्पल? दीर कुरकुरले.

"चप्पल घातली म्हणून मेलेला पुन्हा मरत नाही," न्यार्कोआ म्हणाली.

डुफिएनं त्या घालून पुन्हा पत्र्यावर हात ठेवला. सुई खाली आली, पत्र्याला टेकली आणि वर गेली. मुंग्या आल्या नाहीत. मग न्यार्कोआच्या सांगण्यावरून मी चपला काढल्या, ओल्यात उभा राहिलो, पत्र्यावर हात ठेवला. हाताला मुंग्या आल्या. सुई हवेतच थांबली.

"म्हणजे मीही चेटकीणच," मी म्हणालो. कुणीतरी हसलं.

तेव्हा न्यार्कोआनं उलगडून सांगितलं. प्लगचा जमिनीला जोडणारा खिळा तुटला होता. त्यामुळे थोडी वीज पत्र्यापर्यंत झिरपत होती आणि ओल्या अनवाणी पायांतून जमिनीत जात होती. त्यानंच मुंग्या येत, आणि पेटीला वाटे, सुई टेकली.

"माझ्याकडेही ते असंच अडायचं. मी तार बदलली, ती पत्र्याला जोडणारा चिमटा घासला, सुई नवी लावली. शेवटी चप्पल घालून हात लावला तेव्हा कळलं. पेटीला डोळे नाहीत, इशारा आला की ती थांबते. आणि हे महाराज पाटी न्यायला आले होते तेव्हा हे सगळं बघून हसले होते."

"सैतान तारेतूनही बोलतो," बोआमा म्हणाला.

"मग काढा बूट."

त्यानं बूट काढले नाहीत. कोनाडूनं मात्र काढले. ओल्या फरशीवर उभी राहून तिनं पत्र्यावर हात ठेवला. सुई थांबली. तिनं हात उचलला नाही.

"आईला हेच झालं होतं," ती म्हणाली.

न्यार्कोआनं प्लग काढला. तरी कोनाडू तशीच उभी.

डुफिए त्या दिवशी मुलांना घेऊन आपल्या घरी गेली. तच्चीवाला मात्र घर मिळालं नाही, कारण तिच्या वेळी अंगणातल्या एकानंही आपली चप्पल काढून त्या पत्र्यावर हात ठेवला नव्हता. एवढंच मागणं आहे. कुणाला दोषी ठरवणारी परीक्षा समोर आली, तर ती आधी स्वतःवर करून बघा. दाराला कडी घालायची असलीच, तर त्यानंतर घाला.