मूर्ती काही मागत नाही

पांढुर्ण्याच्या सभागृहात समाजसेवकांचा सत्कार होता आणि त्यात यमुनाबाईंचं नाव पहिलं होतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या लेकरांसाठी त्या वर्षानुवर्षं गावोगाव फिरत होत्या. लग्न जुळवण्याआधी पोरापोरीचं रक्त तपासा, असं सांगायला गेल्या की लोक दारातूनच हाकलत. तरी त्या पुन्हा जात.

मंचावर पुढारी भगवंतराव रंगात आले होते. "आमच्या यमुनाताई म्हणजे सेवेची मूर्ती!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात यमुनाबाईंचा फोन वाजला. सावरगावची सरला होती.

"ताई, उर्वशीले इथंच पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आनलं, दुखण्यानं तडफडून राहिली. डॉक्टर म्हणते रक्त शिल्लक नाही, देणारा आणा. ओ पॉझिटिव्ह पायजे. मी कोनाले आनू?"

सरलाच्या या सिकलसेल असलेल्या लेकीला यमुनाबाई पाळण्यापासून ओळखत होत्या. त्या उठल्या आणि सरळ माईकपाशी गेल्या.

"एक पोरगी दवाखान्यात पडून हाय. ओ पॉझिटिव्ह रक्त पायजे. दवाखाना इथून पायी जाता येते. कोन येतं माह्यासंगं?"

पहिल्या रांगेतल्यांनी मोबाइलात डोकी घातली. भगवंतरावांनी माईकवर हात ठेवला. "ताई, कार्यक्रम झाल्यावर पाहू ना. पाहुणे खोळंबले."

यमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊसाहेब, रक्तदान शिबिराच्या बॅनरवर तुमचाच फोटो होता. तुमी कधी दिलं रक्त?"

"मले शुगर हाय."

"अन् हे मागं बसले तुमचे एवढे गडी? साऱ्यायलेच शुगर हाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. यमुनाबाई हसल्या नाहीत. "मूर्तीले हार घालनं सोपं हाय, कारन मूर्ती काही मागत नाही. मी मागून राहिली, तं तुमच्या तोंडचं पानी पळालं!"

त्या तरातरा मंचावरून उतरल्या. दाराशी मंडपवाला नितीन वायर गुंडाळत होता. त्यानं हात पँटला पुसले. "माह्यं ओ पॉझिटिव्हच हाय, ताई. चाला." शेवटच्या रांगेतून पूनम नावाची एक शिक्षिकाही पदर खोचत मागून आली.

दुपारपर्यंत उर्वशीला रक्त चढू लागलं. मग भगवंतराव शाल-श्रीफळ आणि फोटोवाल्याला घेऊन दवाखान्यात हजर! म्हणे, पेशंटजवळच सत्कार करू, फोटो चांगला येतो.

यमुनाबाई वॉर्डाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ते लेकरू दुखण्यानं कण्हून राहिलं, अन् तुमाले त्याचा फोटो पायजे? लाज नाही वाटत?"

"लय माज आला बाईले," असं पुटपुटत ते पायऱ्या उतरले.

यमुनाबाई आत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या. उर्वशीनं डोळे उघडले.

"मावशी, भूक लागली."

सरला रडतच डबा उघडू लागली.