वाळवंटात राहिलेली घाटकोपरची सायकल

मित्रांनो, तुम्ही माझ्यापाशी आलात तर मी सायकल आहे हे चटकन तुमच्या ध्यानात येणार नाही. माझी चाके गेली, चेन गेली, हँडल एका बाजूला वळून राहिले आहे. राजस्थानच्या वाळवंटात चार झोपड्यांच्या वस्तीला ढाणी म्हणतात. अशाच एका ढाणीच्या काटेरी कुंपणात मला आडवी बांधली आहे. सकाळी शेळ्या बाहेर सोडताना मला बाजूला सरकवतात आणि संध्याकाळी त्या आत आल्या की पुन्हा जागेवर लावतात. थोडक्यात, मी आता फाटक आहे. इथे मला कोणी वाईट वागवत नाही. पण मी घाटकोपरची आहे, आणि मला इथवर आणणारा जयवंत घरी पोहोचला की नाही हे मला अजून कळलेले नाही. विचारावे असे कोणी इकडे फिरकत नाही, आणि फिरकले तरी मला तोंड कुठे आहे?

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. काळाभोर रंग, त्यावर सोनेरी रेघा आणि मागे भक्कम कॅरिअर. मालगाडीतून मी मुंबईला आले आणि घाटकोपरच्या एका दुकानात छताला टांगून राहिले. तिथून मला जयवंतच्या वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून खाली उतरवले. त्यांचे नाव धोंडू. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. ते मूळचे मालवणकडचे. कुर्ल्याच्या एका गिरणीत ते तेलवाले होते. लांब चोचीचे तेलाचे भांडे हातात घेऊन यंत्रांच्या रांगांमधून फिरायचे, कान लावायचा आणि जिथे कुरकुर ऐकू येईल तिथे तेल सोडायचे, हे त्यांचे काम. भटवाडीच्या चढावरच्या चाळीतून कुर्ल्याला ते माझ्यावरूनच जात.

आमच्या भागात खाडीवरून खारा वारा येतो. त्यात पावसाळा. शेजाऱ्यांच्या सायकली बघता बघता तांबड्या पडत. मला मात्र गंजाचा ठिपका कधी लागला नाही. गिरणीतून आले की बाबा आधी मला पुसत, चेनवर तेल सोडत, मग चहा घेत. "तेल कमी पडलां की लोखंड रडता, झिला," असे ते जयवंतला सांगत. खंडेनवमीला तर माझा थाट विचारू नका. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. जयवंतची आई, जानकी, मला ओवाळताना डोक्यावरून पदर घेई. शेजारचा लवू म्हणायचा, "तुमची सायकल कढईत सोडली ना धोंडूकाका, तर वेगळं तेल घालायला नको. वडे आपोआप तळून निघतील." सगळे हसत. मीही मनातल्या मनात हसे. इतके लाड कोणाला आवडत नाहीत?

मग ब्याऐंशी साली गिरण्यांचा मोठा संप झाला. तो लांबत गेला आणि बाबांच्या गिरणीचे फाटक त्यांच्यासाठी पुन्हा उघडलेच नाही. तेल घालायला आता बाबांना एकटी मीच उरले. सकाळ-संध्याकाळ ते माझ्यापाशी बसत. न कुरकुरणाऱ्या जागीही तेल सोडत आणि पुसत. मला त्यांच्यासाठी काहीतरी करावेसे वाटे, पण सायकल काय करणार? ती भिंतीला टेकून उभी राहते.

जयवंत तोवर मोठा झाला होता. औषधांच्या एका कंपनीत तो रोजंदारीवर पॅकिंग करी. सुट्टी मिळाली की मला घेऊन निघे. कधी मुलुंडपर्यंत, कधी पार मार्व्याच्या धक्क्यापर्यंत आणि तिथून होडीत बसून मनोरीला. मी पाण्यावरून गेले आहे, हे इथल्या शेळ्यांना सांगितले तर खरेही वाटायचे नाही. पुढे त्याचे पॅकिंगचे कामही सुटले. त्याच आठवड्यात त्याने घरात सांगितले की मी सायकलवरून एकटा राजस्थानात जाणार, वाळवंट पार करून जैसलमेरला पोहोचणार.

लवूने कपाळावर हात मारला. "वाळवंटात सायकल? अरे, तिथले उंट पण एसटी बघून हात करतात."

"करू दे ना," जयवंत म्हणाला. "गिरणी बंद, बाबा बंद, आता मी पण बंद. एकदा कुठंतरी पोचायचंय यार. कोणी नेलं म्हणून नाही. आपलं आपण."

ते ऐकून बाबांनी मान खाली घातली, पण ते नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पूर्ण खोलले. दोन्ही चाकांच्या आत बोटांनी दाबून दाबून ग्रीस भरले, चेन तेलात भिजत ठेवली आणि जयवंतच्या पिशवीत तेलाची मोठी बाटली घातली. शिमगा झाला की निघायचे आणि पावसाच्या आत परत यायचे असे ठरले. कोकणातल्या माणसाला प्रवासाला हाच काळ योग्य वाटतो. पावसाला चुकवले की झाले, उन्हाचे भय त्याला माहीत नसते.

निघताना आईने माझ्या हँडलला कुंकू लावले आणि जयवंतचा दंड धरला. "आयक. हिका घेवन जातंस, तर हिका घेवनच ये. पूजेतली वस्तू आसा. रानात टाकून येव नको." जयवंतने मान डोलावली. तेव्हा मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही.

गुजरातेतला प्रवास सुखाचा झाला. जयवंत पहाटे निघे, उन्हे चढली की धर्मशाळेत किंवा झाडाखाली थांबे. चढ लागला की गाणे म्हणे, उतार लागला की दोन्ही हात सोडून देई आणि मला धडकी भरे. गावोगावची माणसे माझ्याभोवती जमत. "बंबई से?" असे विचारून माझ्या सीटवर थाप मारत. तो हळूहळू काळा होत गेला आणि हसरा होत गेला. घाटकोपरला मी त्याला इतके हसताना पाहिले नव्हते.

बाडमेरच्या अलीकडे एका टपरीवर चहावाल्याने त्याला नीट न्याहाळले. "अकेले? इस मौसम में?"

"बरसात से पहले वापस पहुँचना है ना," जयवंत म्हणाला.

"बरसात," चहावाला म्हणाला आणि खूप हसला. जयवंतही हसला. दोघे वेगवेगळ्या गोष्टींना हसत होते.

त्याच सुमारास माझे दुखणे सुरू झाले. वाळवंटातली वाळू आपल्या जुहूच्या वाळूसारखी नसते. ती पिठासारखी बारीक असते आणि वाऱ्यावर चालते. कोरड्या लोखंडावर ती बसते आणि उडून जाते. तेलकट लोखंडावर ती बसते आणि बसूनच राहते. बाबांनी जिथे जिथे जीव ओतला होता, तिथे तिथे ती चिकटली. चेनच्या कडीकडीत शिरली, ग्रीसमध्ये मिसळली, चाकांच्या आत जाऊन छऱ्यांना घासू लागली. मी करकरू लागले. खरे तर मी ओरडत होते, पुरे कर, मला कोरडी पूस. पण जयवंत धोंडूंचा मुलगा होता. लोखंड रडले की तेल द्यायचे, हेच तो लहानपणापासून पाहत आला होता. तो लगेच थांबे, बाटली काढे आणि प्रेमाने आणखी तेल सोडे. त्यावर आणखी वाळू बसे आणि मी आणखी ओरडे. तो म्हणे, "हो गं, देतो." मित्रांनो, ज्याच्यावर आपला जीव आहे त्यालाच आपले बोलणे कळू नये, याच्याइतके हतबल करणारे दुसरे काही नाही.

बाडमेर सोडल्यावर त्याने जवळची म्हणून एक कच्ची वाट धरली. पुढच्या गावात विहीर आहे, दुपारपर्यंत पोहोचशील, असे त्याला कोणी सांगितले होते. अर्ध्या वाटेवर आंधी आली. आकाश पिवळे झाले, मग तपकिरी झाले, मग दिसेनासेच झाले. जयवंत डोक्यावर टॉवेल घेऊन मला बिलगून बसला. वारा थांबला तेव्हा वाट नव्हती. सगळीकडे सारख्याच टेकड्या होत्या. त्याने अंदाजाने दिशा धरली, पॅडल मारले आणि माझी झिजलेली चेन तुटली. त्याने ती कशीबशी जोडली. थोडे अंतर जाताच ती पुन्हा तुटली आणि आम्ही दोघे उतारावर कोसळलो. मागचे चाक वाकून फ्रेमला घासू लागले. आता मी ढकलूनही चालेना. पाण्याच्या कॅनमध्ये तळाशी थोडेसे पाणी उरले होते.

मोकळ्या हाताने तो चालला असता तर झपाझप गेला असता. तो तरुण होता, पाय भक्कम होते. पण त्याने माझा मागचा भाग उचलून खांद्यावर घेतला आणि पुढच्या चाकावर मला ओढू लागला. दहा पावले चालायचा, थांबायचा. त्याचा श्वास मला ऐकू येई. मी जड होते. बावीस इंची, पोलादी, भक्कम कॅरिअरची. ज्या गोष्टींची मला मिजास होती त्या सगळ्या त्याच्या खांद्यावर बसल्या होत्या. टाक मला, मी म्हणत होते. जयवंता, टाक. पण घंटासुद्धा आपणहून वाजत नाही आमची.

शेवटी एका खेजडीच्या झाडाशी तो थांबला. त्याने मला खोडाला नीट टेकवले, सीटवरची वाळू हाताने झाडली आणि नमस्कार केला. "माणसं घेऊन येतो," तो म्हणाला आणि चालू लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तो चढ चढून गेला, त्याची पाठ लहान होत गेली, टेकडीआड दिसेनाशी झाली. जा, मी म्हणत होते, असाच जा.

आणि मग टेकडीवर पुन्हा त्याचे डोके दिसले.

तो परत आला होता. धापा टाकत माझ्यापाशी बसला. ओठ फुटले होते. "आये विचारील," तो स्वतःशीच म्हणाला. "काय सांगू तिला? बाबांची सायकल रानात टाकली म्हणून सांगू?" त्याने कॅनमधले शेवटचे पाणी प्यायले आणि पुन्हा मला उचलले. आम्ही त्या टेकडीपर्यंतही पोहोचलो नाही. दिवस मावळेपर्यंत तो मला ओढत होता, आणि मागे पाहिले तर खेजडी अजून दिसत होती. ज्या ताकदीने तो गावात पोहोचला असता, ती सगळी त्याने माझ्यावर घालवली.

रात्र त्याने माझ्या सावलीला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला काढली. उजाडले तेव्हा तो उठला तो मला न उचलताच. काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. या वेळी तो काही बोलला नाही. बोलण्याइतके ओले त्याच्या तोंडात काही नसावे. मग तो निघाला. पावले वाकडी पडत होती. एकदा गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा चालू लागला. टेकडीपलीकडे तो उतरला, आणि मी दिवसभर त्या टेकडीकडे पाहत राहिले. तो मागे फिरला नाही. दुपारी वारा सुटला आणि त्याची पावले पुसली गेली.

पुढे काही दिवसांनी शेळ्या चारणाऱ्या एका बाईला मी सापडले. तिने इकडेतिकडे पाहिले, हाका मारल्या. मला ढाणीवर आणून तिने नवऱ्याला विचारले, "इणरो धणी कठै?" हिचा मालक कुठे आहे, असे ती विचारत होती. नवऱ्याने आकाशाकडे हात केला. पण तो हात नुसताच केला होता की त्याला काही माहीत होते, हे मला समजले नाही. बाडमेरच्या बाजारात त्याने चौकशी केली असेल. कोणी सापडला असेल, कोणी वाचला असेल, त्याला बसने घरी पाठवले असेल. मला कोण येऊन सांगणार?

मित्रांनो, आम्हां वस्तूंच्या कहाणीच्या शेवटी तुम्हांला काहीतरी शिकवायचे असते. आम्हांला पुसा, पावसात ठेवू नका, गंजू देऊ नका. ते खरेच आहे, तसे करा. पण आमच्यावर जीव लावताना आम्ही लोखंड आहोत हे विसरू नका. वेळ आली तर आम्हांला आहे तिथे टाका आणि चालू लागा. आम्हांला राग येत नाही.

आणि एक मागणे आहे. तुमच्यापैकी कोणी घाटकोपरला गेलात तर भटवाडीच्या चढावर धोंडूंचे बिऱ्हाड विचारा आणि दार वाजवा. दार जयवंतने उघडले, तर चुकून आलो म्हणा आणि परत फिरा. माझे नाव काढू नका. दार त्याने उघडले एवढे मला पुरे आहे. पण दार आईने उघडले, आणि ती तुमच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघू लागली, तर घटकाभर तिच्यापाशी बसा. ती विचारील ते सगळे सांगा. फक्त तो एकदा माझ्यासाठी मागे फिरला होता, हे तिला सांगू नका.