माझ्या डोक्यावरची सुकेळी

जुना म्हणाल तर मी जुना संगणक आहे, मित्रांनो, पण थकलेला मुळीच नाही. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. विरारला विकीच्या दुकानात माझी जुळणी झाली. काही भाग नवे, काही दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले. तिथून मयूरने मला अर्नाळ्याच्या रस्त्यालगतच्या आपल्या घरी आणले. घराभोवती केळीची वाडी आणि ओटीवर, खिडकीशी, मी.

मयूर माझ्याहून उतावळा. त्याने मला ओव्हरक्लॉक केले, म्हणजे कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळायला लावले. मला तेच तर हवे होते! त्याचे मित्र खेळायला येत आणि "काय पळतो रे हा!" म्हणत, तेव्हा मी फुगून जाई. पळताना अंग तापे, पण डोक्यावरच्या जाळीतून गरम हवा भसाभस बाहेर पडे आणि भागून जाई.

पुढे मयूर नोकरीला लागला आणि मी त्याच्या बहिणीच्या, क्षितिजाच्या, वाट्याला आलो. ती ॲनिमेशन शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिने एक छोटी फिल्म केली होती. तिची चित्रे जोडून पक्की फिल्म तयार करायचे काम माझे, आणि त्याला एक पूर्ण रात्र आणि दिवस लागायचा. सोमवारी फिल्म दाखवली नाही, तर तिचे वर्ष वाया जाणार होते. तिने संध्याकाळी मला कामाला जुंपले आणि सकाळी ती कॉलेजला गेली. परत येऊन पाहते, तर मी बंद पडलेलो आणि फाइल बिघडलेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला कारण माहीत होते हो! तिची आई, विमला, दरवर्षी राजेळी केळी सोलून उन्हात सुकवते आणि सुकेळी करते. मीही मनातल्या मनात तिला आईच म्हणतो. यंदा केळी अर्धीअधिक वाळली आणि आभाळ भरून आले. ऊन नाही मिळाले, तर बुरशी धरणार. आईच्या हाताला माझी गरम हवा लागली आणि तिला युक्ती सुचली. दुपारची जेवणे आटोपली, की ती केळी पसरलेले पाखडायचे सूप माझ्या जाळीवर ठेवू लागली. माझा जीव घुसमटे, पंखे आकांत करत आणि शेवटी माझे डोळे मिटत. पडदा काळा झाला, की तिला वाटे, हा झोपला. वाळवण दिवेलागणीच्या आधी आत घ्यायची घरची रीत, त्यामुळे क्षितिजा येईपर्यंत सूप उचललेले असे.

मग सुरू झाली माझी चिरफाड. मयूरने मला उघडले, रॅम पुसून पुन्हा बसवली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली आणि जोरात पळवून पाहिले. मी ठणठणीत! दुसऱ्या दुपारी पुन्हा आडवा. विकी म्हणाला, "पॉवर सप्लाय गया होगा, बदलून बघ." तोही बदलला. मी पडलोच. मयूरने वेग मूळ पातळीवर आणला, तेव्हा पडलो नाही. पण त्या चालीने सोमवारपर्यंत फिल्म होणारच नव्हती. वेग पुन्हा वाढवला आणि शनिवारी मी पुन्हा कोसळलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

"भंगारात टाक हा डबा! माझं वर्ष गेलं," क्षितिजा रडत म्हणाली. मला फार लागले ते.

आईने तिच्या हातावर सुकेळी ठेवली. "रडू नको गो. खा. बघ, कशी मधासारखी झालीत."

क्षितिजाने घास घेतला आणि ती थबकली. "आई, ऊन तर आठवडाभर नाही. ही वाळवलीस कुठे?"

"कुठे म्हणजे? याच्यावर." आईने माझ्या डोक्यावर थोपटले. "गरम हवा फुकट चाललेली. म्हटलं, कामी येईल."

"आई! अगं, त्यानेच तो बंद पडत होता!" क्षितिजा ओरडली. "आम्ही सगळ्यांना विचारलं, काय काय करून बघितलं..."

आईचा चेहरा उतरला. "मला कुठे विचारलंत? मी तर दिवसभर इथंच असते."

क्षितिजाने डोळे पुसले आणि मला पुन्हा सुरू केले.

रविवारभर आई माझ्याजवळ पाट टाकून बसली. खिडकी तिने सताड उघडली आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा पेलासुद्धा कुणाला ठेवू दिला नाही. सूप मात्र चुलीजवळ गेले आणि निम्म्या केळ्यांना बुरशी लागली. तिने ती गुपचूप वाडीत टाकली, मी खिडकीतून पाहिले. संध्याकाळी फिल्म पूर्ण झाली. क्षितिजाने ती सर्वांत आधी आईला दाखवली.

मित्रांनो, आम्हाला हवा तेवढा वेग द्या, पण डोक्यावर मोकळी हवा राहू द्या. आम्ही बिघडलो, तर स्क्रू काढण्याआधी घरात दिवसभर जे माणूस असते त्याच्याजवळ जरा बसा. मला तोंड नव्हते म्हणून मी गप्प राहिलो. आईला कुणी विचारलेच नाही.